कोळशाच्या केटल ग्रिलनंतर गच्चीवर दुसरे साधन कोणते घ्यावे?

निखारा_नागपूर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या हिवाळ्यात आम्ही कोळशाचे, झाकण असलेले गोल केटल ग्रिल आणले आणि तेव्हापासून घरातल्या सुटीच्या दिवसाची संध्याकाळ बहुतेक गच्चीवरच जाते. निखाऱ्यावर भाजलेल्या अन्नाची गोडी वैदर्भीय माणसाला वेगळी शिकवावी लागत नाही. हुरडा, रोडगे, पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेली वांगी हे सगळे आपण लहानपणापासून खात आलो आहोत. माझ्यासाठी नवे होते ते झाकण आणि हवेच्या झडपा. खालची झडप बोटभर सरकवली की आच उतरते, उघडली की चढते, आणि निखारे एका कडेला लोटून दुसऱ्या कडेला मांस ठेवले की तेच साधन भट्टीचे काम करते, हे हाताला कळल्यावर मी कोळशाच्या पुरता प्रेमात पडलो.

आता दुसरे साधन घ्यायचे आहे. घरच्यांची संमती आहे, जागा आहे, पैसेही बाजूला काढले आहेत. अडते आहे ते निवडीपाशी. दुकानांत आणि चित्रफितींत जे दाखवतात ते बहुधा माझ्याकडे असलेल्याच वस्तूचे अधिक मोठे, अधिक जाड किंवा अधिक चकचकीत रूप असते. ते घेतले तर पहिले ग्रिल कोपऱ्यात पडेल आणि नवे काहीच रांधले जाणार नाही. म्हणून ‘सगळ्यांत चांगले कोणते’ हा प्रश्न मी सोडून दिला आहे. केटलवर जे पदार्थ होत नाहीत, किंवा होतात पण माणसाला जागचे हलू देत नाहीत, ते आधी ठरवावेत आणि साधन त्यांच्या मागून निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्याकडची अडचण अशी आहे. दोन किलोची बोकडाची अख्खी मांडी मंद आचेवर, म्हणजे ११० ते १२० अंश सेल्सिअसवर, हाडापासून सुटेपर्यंत शिजवायची तर पाच-सहा तास सहज लागतात. केटलमध्ये ते जमते, पण निखाऱ्यांना जागा कमी असल्यामुळे मधून मधून झाकण काढून कोळसा घालावा लागतो आणि दर वेळी आत साठलेली धग निघून जाते. दुसरे म्हणजे, पंधरा-वीस माणसे जेवायला आली की जाळी पुरत नाही, कारण अर्धी जाळी आचेसाठी मोकळी सोडावी लागते. तिसरे म्हणजे रोट्या. तव्यावरची पोळी स्वयंपाकघरातून वर येईस्तोवर गार होते आणि ग्रिलवर भाजलेली रोटी कडक होते. शिवाय आई-बाबा शाकाहारी आहेत, त्यामुळे त्यांचे पनीर, भुट्टे आणि वांगी वेगळ्या जाळीवर व्हायला हवीत, ही अट आहेच.

हवामानाचाही विचार करावा लागतो. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा आचेशेजारी तासन्‌तास उभे राहणे नको वाटते. जूनच्या मध्यापासून पाऊस लागतो. आपला खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच. त्यामुळे जे काही घेईन ते सुरू करून दिल्यावर फारशी राखण न मागणारे आणि पावसाळ्यात झाकून ठेवता येणारे असावे. घर दोन मजली आहे, जिना अरुंद आहे आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून शेजाऱ्यांची खिडकी आहे.

गॅसचे ग्रिल, सिरॅमिकचा कमाडो (जाड भिंतीची, झाकणाची कोळशाची चूल), मातीचा तंदूर, ड्रमचा स्मोकर (मंद आचेवर धुरात शिजवायचे साधन) आणि लाकडाच्या गोळ्यांवर चालणारे विजेचे ग्रिल, एवढे पर्याय डोळ्यांसमोर आहेत. ज्यांनी यांपैकी काही वापरले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

धरमपेठकर

धागा चांगला आहे आणि प्रश्न नेमका मांडला आहे. मी गॅसच्या बाजूने लिहितो, कारण इथे त्याची बाजू घेणारे कमी असतील.

कोळसा चिमणीत, म्हणजे पेटवायच्या पत्र्याच्या नळकांड्यात, पेटवून तयार व्हायला पंधरा-वीस मिनिटे, मग जाळी तापायला आणखी दहा, आणि जेवणानंतर राख निवेपर्यंतची देखरेख वेगळी. त्यामुळे कोळशाचे ग्रिल सुटीच्या दिवसापुरते राहते. गॅसचे ग्रिल बुधवारी संध्याकाळी कामावरून आल्यावरही पेटते. पनीर, ढोबळी मिरची, मासळीचे तुकडे, भुट्टे हे सगळे त्यावर अर्ध्या तासात होते. आपले आई-बाबा शाकाहारी आहेत, तर ते एक साधन पूर्णपणे त्यांच्यासाठी राखून ठेवता येईल आणि जाळीचा प्रश्नच उरणार नाही.

चवीबद्दल एक गोष्ट सांगतो. थोड्या वेळात होणाऱ्या पदार्थांना ग्रिलचा जो वास येतो तो बराचसा जाळीखालच्या तापलेल्या पट्टीवर पडून जळणाऱ्या चरबीचा आणि मसाल्याचा असतो, तो गॅसवरही येतो. लाकडाचा धूर मात्र येत नाही. एलपीजी जळताना पाण्याची वाफही तयार होते, त्यामुळे आतली हवा कोळशाच्या मानाने दमट राहते आणि कोंबडीची कातडी तितकी कुरकुरीत होत नाही. सिलिंडर नेहमी मोकळ्या हवेत, उभा आणि आचेपासून दूर ठेवावा. हा वायू हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो खालच्या खोलगट जागेत साचून राहतो.

निखारा_नागपूर

धरमपेठकरजी, आपला मुद्दा रास्त आहे आणि आई-बाबांसाठी वेगळे साधन हा विचार मला सुचला नव्हता. पण आमच्याकडे कामाच्या दिवशी गच्चीवर जाऊन रांधण्याइतका वेळ कोणालाच नसतो, आणि जे अर्ध्या तासात होते ते आमच्या केटलवरही उत्तमच होते. मला अडते ते लांब वेळाच्या पदार्थांपाशी आणि रोटीपाशी. ज्यांचा स्वयंपाक रोजचा आणि झटपट आहे त्यांनी मात्र आपला प्रतिसाद जरूर विचारात घ्यावा.

कामठीचा_तंदूर

दादा, रोटीचा उल्लेख आला म्हणून लिहितो. आमच्याकडे घरामागच्या अंगणात तंदूर आहे आणि त्याने जे होते ते दुसऱ्या कशानेही होत नाही, हे मी ठामपणे सांगतो.

केटलमध्ये आच खालून येते आणि झाकणाखाली फिरते. तंदुरात तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. तापलेली मातीची भिंत रोटीला चिकटल्या बाजूने भाजते, तळातले निखारे समोरून शेकतात आणि वरचे तोंड अरुंद असल्यामुळे गरम हवा आत कोंडून राहते. म्हणून रोटी एक-दोन मिनिटांत फुगते आणि खालून खरपूस, वरून मऊ उतरते. सीख उभी लावल्यामुळे चरबी आणि मसाला थेट निखाऱ्यांवर टपकतो आणि त्याचाच धूर पुन्हा मांसाला लागतो. तंदुरी कोंबडीचा जो वास आपल्याला ओळखीचा आहे तो याच धुराचा.

पण घेण्याआधी तीन-चार बाबी नीट समजून घ्या. नवा तंदूर आणल्याबरोबर पेटवायचा नसतो. आमच्या कारागिराने आतून मोहरीचे तेल, गूळ आणि वाटलेला पालक यांचा लेप द्यायला लावला होता. तो वाळल्यावर पहिल्यांदा अगदी थोडी आच, मग तिच्यापेक्षा जरा जास्त, असे करत काही दिवस लावून तंदूर तयार करावा लागतो. घाईत मोठा जाळ केला तर माती तडकते. बारीक केसासारख्या चिरा पडतातच, त्यांची काळजी करू नका, मात्र बोट जाईल एवढी भेग पडली की ती मातीने लिंपून घ्यावी लागते.

दुसरी बाब कोळशाची. भिंत पुरती तापायला तासभर तरी जातो आणि चार रोट्या करायच्या असोत की चाळीस, तेवढा कोळसा लागतोच. पाच-सहा माणसांच्या घरात आठवड्याला एकदा पेटवायला तो खर्चिक आहे, पंधरा-वीस जणांना मात्र त्याच्यासारखे साधन नाही. पाऊस ही तिसरी बाब. माती ओली राहिली आणि तशीच पेटवली तर तडकते, म्हणून वर पत्र्याचे छप्पर हवेच. आणि गच्चीवर ठेवणार असाल तर बाहेरून लोखंडी ड्रम आणि मधल्या जागेत उष्णता अडवणारा थर असलेला तंदूर घ्या. तो जड असतो, जिना अरुंद असेल तर वर नेण्याची व्यवस्था आधी बघा.

सक्करदऱ्याची_सुगरण

दादा, रोटीसाठी एवढा मोठा तंदूर घेण्याआधी आपल्या नागपूरच्याच लंबी रोटीचा विचार करून पाहा. तीन विटा, लाकडाचा जाळ आणि त्यावर पालथे घातलेले मातीचे मडके, एवढ्यावर ती होते. लोकवन गव्हाची कणीक सैल भिजवायची, भरपूर मळून-आपटून तिला ताण आणायचा, गोळा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि मडक्याच्या पाठीवर अलगद पसरायचा. ती कागदासारखी पातळ असते, त्यामुळे मिनिटभरात भाजून निघते. हात बसायला वेळ लागतो, ते काम एका हिवाळ्याचे आहे. पण सावजी रश्श्याबरोबर किंवा निखाऱ्यावरच्या मटणाबरोबर तिला तोड नाही.

रोडग्यांबद्दलही सांगते. रोडगे आणि बट्ट्या गोवऱ्यांच्या आरात खुलतात ते खरे, पण गच्चीवर गोवऱ्यांचा धूर शेजाऱ्यांना त्रासदायक होतो. तुमच्या केटलमध्ये निखारे दोन्ही कडांना लावून मधोमध रोडगे ठेवले, झाकण लावले आणि आतली आच १८० ते २०० अंशांवर ठेवली तर पाऊण तासात ते आतपर्यंत शिजतात. मध्ये एकदा उलटवावेत आणि शेवटची पाच मिनिटे थेट निखाऱ्यावर धरावेत. म्हणजे या पदार्थासाठी तुम्हाला नवे काही घ्यायची गरज नाही.

निखारा_नागपूर

ताई, हे फार मोलाचे सांगितलेत. रोटीचा प्रश्न विटा आणि मडक्यावर सुटत असेल तर तो खर्चाच्या यादीतून बाहेर पडतो आणि उरतात ती दोन कामे, मोठे मांस मंद आचेवर आणि जास्त माणसांचे जेवण. आईला लंबी रोटी उत्तम येते. ती गच्चीवर करायची कल्पना मात्र आमच्यापैकी कोणाच्याच मनात आली नव्हती.

कमाडो वापरणारे कोणी आहे का?

भट्टीतले_मडके

मी वापरतो, म्हणून अनुभवाने लिहितो.

कमाडो मुळात जपानी चुलीचा वारसा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी ती मातीची झाकणवाली भांडी घरी नेली आणि पुढे तिथे सिरॅमिकची रूपे निघाली. ‘बिग ग्रीन एग’ ही त्यांतली प्रसिद्ध कंपनी १९७४ मध्ये अटलांटा शहरात सुरू झाली. तुमचे केटलही अमेरिकेचेच आहे. शिकागोजवळ समुद्रातल्या तरंगत्या खुणांचे पत्र्याचे गोळे बनवणाऱ्या वेबर ब्रदर्स या कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये तसा एक गोळा मधोमध कापून पहिले केटल तयार केले. दोन्हींत फरक आहे तो भिंतीचा. केटलचा पत्रा पातळ असतो, तो लवकर तापतो आणि लवकर निवतो. कमाडोची भिंत जाड असते, एकदा तापली की तासन्‌तास धग धरून ठेवते, त्यामुळे आत हवा फार कमी लागते, कोळसा फार कमी जळतो आणि मांसातला ओलावा टिकतो. एकदा भरलेल्या कोळशावर रात्रभर ११० अंशांची आच राहते, हे मी स्वतः पाहिले आहे. पुन्हा कोळसा घालावा लागत नाही.

उणिवाही तितक्याच खऱ्या आहेत. आच एकदा वर गेली की ती खाली आणणे कठीण, कारण भिंतच तापलेली असते. म्हणून हवे असलेल्या अंशाच्या बरेच आधी झडपा आवळाव्या लागतात. आत आच खूप असताना, झडपा बंद ठेवून झाकण एकदम उघडले तर ताजी हवा आत शिरून ज्वाळा तोंडावर येते. झाकण आधी बोटभर उघडून, क्षणभर थांबून, मगच पूर्ण उघडायचे. तापलेल्या भांड्यावर गार पाणी पडू द्यायचे नाही. मोठ्या आकाराच्या कमाडोचे वजन ७० किलोच्या पुढे जाते आणि वर नेताना आपटला तर तो जोडता येत नाही.

आणि पंधरा-वीस माणसांसाठी तो पुरणार नाही. जाळी केटलपेक्षाही लहान असते. तुमच्या दोन कामांपैकी एक तो अप्रतिम करील, दुसरे करणार नाही. केटलच्या कित्येक पट पैसे मोजून अर्धाच प्रश्न सुटत असेल तर तुम्ही ते द्यावेत असे मी म्हणणार नाही.

काटोलकर

निखारा भाऊ, मंद आचेवरच्या मांसाचा विषय आहे तर साधनाआधी लाकडाचे बोलतो, कारण तिथे आपण नागपूरकर भाग्यवान आहोत.

काटोल, नरखेड, वरूड या पट्ट्यात जुन्या संत्राबागा काढल्या की लाकूड सरपण म्हणून विकले जाते. फळझाडांचे लाकूड धुरासाठी सौम्य असते, संत्र्याचे तर कोंबडीला आणि पनीरलाही मानवते. पेरू आणि आंबाही चांगले. बाभळीचा धूर उग्र, तो बोकडाच्या मांसाला चालतो पण थोडाच. विलायती बाभूळ, जिला आपण वेडी बाभूळ म्हणतो, ती अमेरिकेत मेस्क्वीट नावाने ग्रिलसाठी नावाजलेल्या झाडांच्याच कुळातली आहे. कडुनिंब आणि निलगिरी वापरू नका, धूर कडू होतो. रंग किंवा पॉलिश दिलेले लाकूड आणि प्लायवूड तर आचेजवळही नेऊ नका.

संत्र्याच्या बागेत फवारण्या होतात, म्हणून साल काढून घ्या आणि मनगटाएवढे तुकडे करून एक उन्हाळा गच्चीवर पसरून ठेवा. आपल्या मे महिन्याचे ऊन या कामाला उत्तम. नीट वाळलेले दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत वाजतात, ओलसर असतील तर आवाज बद्द येतो. धुराकडे नजर ठेवा. दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड धुमसते आहे, त्याने मांस कडवट होते. पातळ, निळसर, डोळ्यांना जेमतेम दिसणारा धूर हवा. आणि जास्त लाकूड लागतच नाही. एका मांडीला मुठीएवढे तीन-चार तुकडे पुष्कळ झाले.

एका कडेला वेगळी भट्टी असलेला, पूर्ण लाकडावर चालणारा स्मोकर घ्यायच्या फंदात मात्र पडू नका. त्यात तासाला दोनदा लाकूड घालत बसावे लागते आणि तुमची पहिली अट राखण न मागण्याची आहे.

लोहा_ओळी

भाऊ, तुमची दोन्ही कामे करणारे साधन म्हणजे उभा ड्रम, आणि तो नागपुरातच बनवून घेता येतो. माझा लोखंडाच्या कामाचा व्यवसाय आहे, म्हणून मापांसह सांगतो.

२०० लिटरचा पोलादी ड्रम घ्या. त्याचा आतला व्यास साधारण ५७ सेंटिमीटर आणि उंची ८५ ते ८८ सेंटिमीटर असते. तुमच्या केटलची जाळी ५४-५५ सेंटिमीटरची असेल, ती या ड्रममध्ये चार बोल्टांवर व्यवस्थित बसते. म्हणजे एक जाळी तुमच्याकडे आहेच. खाली एक आणि वर एक अशा दोन जाळ्या लावल्या की जागा दुप्पट होते. पूर्ण जाळी वापरता येते, कारण निखारे कडेला नसून हातभर खाली असतात. शाकाहारी पदार्थ नेहमी वरच्या जाळीवर ठेवायचे, म्हणजे त्यांच्यावर काही टपकणार नाही. त्या जाळीवर वेगळ्या रंगाचे बोल्ट मारून खूण करता येते.

तळापासून सात-आठ सेंटिमीटर वर कोळशाची टोपली ठेवा, म्हणजे राख खाली पडत राहते आणि हवा अडत नाही. टोपलीच्या खालच्या पातळीला पाऊण इंचाची तीन-चार भोके पाडून त्यांना पाइपचे तुकडे बसवा. एकावर बॉल व्हॉल्व्ह आणि बाकीच्यांवर बुचे. नेहमीची आच एकट्या व्हॉल्व्हने सांभाळता येते. टोपलीचा तळ आणि खालची जाळी यांच्यात ६० सेंटिमीटर अंतर असले तर मांस जळत नाही. वरच्या जाळीसाठी मग ड्रमचे सपाट झाकण पुरत नाही, घुमटाकार झाकण लागते. केटलचे झाकण बसते, पण ड्रमच्या काठाला थोडे ठोकून घ्यावे लागते.

इथे तीन गोष्टींत काटकसर करू नका. ड्रम नवा किंवा खाद्यतेलाचाच घ्या, रसायनाचा घेऊ नका. कित्येक ड्रमांना आतून लाल किंवा तपकिरी रंगाचा थर असतो, तो मोठा जाळ करून पूर्ण जाळून, तारेच्या ब्रशने घासून पांढरे लोखंड दिसेपर्यंत काढायचा. हे काम घराच्या गच्चीवर करू नका, मोकळ्या जागेत करा. आणि टोपली, जाळी, बोल्ट यांपैकी काहीही जस्ताचा मुलामा दिलेले नको. तापल्यावर जस्ताचा धूर निघतो आणि तो आरोग्याला घातक आहे. जाळीसाठी ३०४ दर्जाचे स्टेनलेस घ्या.

कोणी सहा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा स्मोकर करून देतो म्हणाला तर आधी वजन मोजा. पोलादाची घनता धरली तर अशा पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला ४७ किलो भरते. ड्रमएवढे साधन त्यात केले तर ते ९० किलोच्या आसपास जाईल. ड्रमचा पत्रा मिलिमीटरभर जाडीचा असतो, दोन माणसे तो सहज वर नेतात आणि आपल्या हवेत, जिथे हिवाळ्यातही बाहेर बर्फाळ थंडी नसते, तेवढी जाडी मंद आचेला पुरते.

भट्टीतले_मडके

लोहा ओळी भाऊंशी सहमत आहे, फक्त आच कशी लावायची ते जोडतो. टोपली न पेटलेल्या कोळशाने भरायची, लाकडाचे तुकडे त्यातच मध्ये मध्ये पुरायचे आणि पेटलेले दहा-बारा कोळसे वरून मधोमध ठेवायचे. आच वरून खाली सावकाश पसरते. हिला मिनियन पद्धत म्हणतात. ९० अंश दिसू लागताच व्हॉल्व्ह आवळायला घ्या, १२० झाल्यावर आवळून उपयोग नाही.

मांसाचे तापमान ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान बराच वेळ अडकून राहील. पृष्ठभागावरून पाणी उडत असते आणि ते मांसाला गार ठेवते, म्हणून असे होते. तेव्हा घाबरून हवा वाढवू नका. बोकडाच्या मांसात चरबी कमी असते, ते डुकराच्या मांसासारखे उघड्यावर शेवटपर्यंत ठेवले तर कोरडे पडते. म्हणून रंग चांगला आला की दोन चमचे तूप आणि थोडा रस्सा घालून ते फॉइलमध्ये किंवा केळीच्या पानांत घट्ट बांधा आणि आतले तापमान ९० ते ९५ अंश होईपर्यंत ठेवा. सांध्यातले चिवट धागे विरघळायला एवढी उष्णता आणि वेळ दोन्ही लागतात. कोंबडीला ७४ अंश पुरे.

नवशिका_मानेवाडा

माफ करा, मध्येच विचारतो. लाकडाच्या गोळ्यांवर चालणाऱ्या विजेच्या ग्रिलबद्दल कोणीच लिहिले नाही. त्यात तर आच आपोआप सांभाळली जाते ना?

धरमपेठकर

आच आपोआप सांभाळली जाते हे खरे. पण त्यासाठी वीज सतत लागते आणि खाण्याच्या कामाच्या, शुद्ध लाकडाच्या गोळ्या लागतात. आपल्याकडे कारखान्यांच्या बॉयलरसाठी शेतातल्या काडीकचऱ्याच्या ज्या गोळ्या मिळतात त्या यात चालत नाहीत. ज्याचे इंधन गावात मिळत नाही ते साधन निदान मी घेणार नाही.

निखारा_नागपूर

सर्वांचे मनापासून आभार. इतकी नेमकी माहिती एका जागी मिळेल असे वाटले नव्हते.

निर्णय असा केला आहे. ड्रम घेतो आणि तो इतवारीत बनवून घेतो. मंद आच आणि जास्त जागा ही दोन्ही कामे त्यात होतात, कोळसा आणि संत्र्याचे लाकूड दोन्ही इथलेच आहेत, जुनी जाळी त्यात बसते आणि केटलचे काम तो हिरावून घेत नाही. झटपट भाजायला केटल, सावकाश शिजवायला ड्रम. रोटीसाठी विटांची चूल आणि मडके. कमाडोची मला अजूनही ओढ आहे हे लपवत नाही. पण आमच्या घराला आधी सगळ्या माणसांना पुरे पडेल असे साधन हवे आहे. तंदूर मात्र कधीतरी खाली अंगणातच बांधायचा, असे मनात ठेवले आहे.

आता दोनच शंका उरल्या आहेत. गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा थर आहे, त्यावर ड्रम ठेवला तर चालेल का? आणि पावसाळ्यात गंज कसा टाळावा?

लोहा_ओळी

थेट गच्चीवर ठेवू नका. तळ तापतो आणि वॉटरप्रूफिंगचा थर उष्णतेने फुगतो. ड्रमला वीतभर उंचीचे तीन पाय लावून घ्या, खाली विटांचा एक थर रचा आणि त्यावर सिमेंटची फरशी ठेवा. पश्चिमेच्या भिंतीला खिडकी आहे म्हणालात, तर ड्रम पूर्वेच्या कोपऱ्यात राहू द्या आणि पेटवण्याआधी वारा कुठे वाहतो ते बघा. सर्वांत जास्त धूर पहिल्या वीस मिनिटांत होतो. वर छप्पर घालायचे असेल तर ते पत्र्याचे आणि डोक्यापेक्षा बरेच उंच असावे, चारही बाजू मोकळ्या हव्यात. कोळशाच्या आचेतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो. म्हणून पाऊस आला तरी पेटलेला ड्रम जिन्याच्या खोलीत सरकवायचा नाही, हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवा.

गंज राखेमुळे लागतो. राख हवेतला ओलावा ओढून घेते आणि तिचा क्षारट चिखल पत्रा खातो. म्हणून प्रत्येक वापरानंतर, ड्रम पूर्ण गार झाल्यावर, राख काढून झाकणाच्या लोखंडी डब्यात भरा. प्लॅस्टिकच्या बादलीत कधीही नको, कारण राखेखाली निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो. जूनच्या सुरुवातीला आतून-बाहेरून खाद्यतेलाचा पातळ हात फिरवून ड्रम तासभर तापवा, तेल पत्र्यावर पक्के बसते. मग झडपा उघड्या ठेवून वरून ताडपत्री घाला, पण ती जमिनीपर्यंत नेऊ नका, आत हवा खेळली पाहिजे. बाहेरच्या रंगासाठी उष्णता सोसणारा काळा रंग मिळतो, तो दर दोन-तीन वर्षांनी मारावा लागेल.

टोपलीचे माप मी उद्या आकृतीसह टाकतो. झाकणाचा व्यास मात्र तुम्ही केटलवर मोजपट्टी लावून इथे लिहा, म्हणजे काठ किती ठोकायचा ते आधीच सांगता येईल.